एक मालक, चार गाड्या, चार बोनस

आर्णीला आमच्या ह्यांचं दुचाकीचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या तोंडाशीच माझं टेबल. आत हे गाड्या दुरुस्त करतात, बाहेर मी त्यांचा विमा उतरवते. गाडी पडली तर ह्यांचा धंदा, नाही पडली तर माझा. त्यामुळे आमच्या घरात देवाजवळ नेमकं काय मागायचं, हा प्रश्न लग्नापासून सुटलेला नाही.

अशा टेबलापाशी किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. गॅरेजच्या कोपऱ्यात ऑइलचे रिकामे डबे साचतात तसे. कुणी ठेवले, कधी ठेवले, काही आठवत नाही. मैत्रिणी विचारतात, "विम्यासारख्या कोरड्या धंद्यात तुला एवढं हसायला काय मिळतं गं?" हसायला मिळतं हे खरं. पण त्याहून जास्त थक्क व्हायला मिळतं, आणि ते मला कुणाला नीट सांगता येत नाही. म्हणून सांगायला बसले की किस्सेच सांगते.

त्यातले निम्मे किस्से नो क्लेम बोनसचे. तो आधी समजून घ्या, म्हणजे पुढे अडायला नको. वर्षभरात गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला नाही, तर पुढच्या वर्षी नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी वीस टक्के. दरवर्षी चढत चढत ती पन्नासवर जाते आणि तिथे थांबते. मध्ये एकदा क्लेम घेतला की पुन्हा शून्य. बस, एवढंच.

पण बोनस म्हटलं की आपल्याकडे लोकांना दिवाळी आठवते. एक काकू नवऱ्याला घेऊन, हातात पिशवी घेऊन आल्या. "बोनस घ्याले आलो," म्हणाल्या. मी समजावलं की तो हातात मिळत नाही, हप्त्यातून वजा होतो.

"पण कायचा भेटते तो?"

"वर्षभर गाडीला काही झालं नाही, त्याचा."

काकूंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहीच नाही केलं त्याचा बोनस? मंग याइचा काढा ना. याइनं त लग्नापासून काहीच नाही केलं."

* * *

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत, दिगंबरराव. जुनी गाडी विकली, तिच्यावर पुरे पन्नास टक्के होते. गाडी विकली तरी बोनस मालकाकडेच राहतो आणि त्याच मालकाच्या नव्या गाडीवर लावता येतो. दिगंबररावांनी मात्र एकदम दोन गाड्या घेतल्या, स्वतःला मोटरसायकल आणि बायकोला स्कूटी. दोन्ही स्वतःच्याच नावावर. आणि म्हणाले, "पन्नास इकडं लावा, पन्नास तिकडं लावा."

"एक बोनस एकाच गाडीवर लागतो, दिगंबरराव."

"नाव त माहंच हाये ना दोन्हीवर?"

"तुम्ही एका तिकिटावर दोघांना बसू दिलं असतं का?"

बाण वर्मी लागला. इतकी वर्षं बिनतिकिटी माणसाला रस्त्यात उतरवणारा माणूस तो. स्कूटीचे कागद बाजूला सारत म्हणाले, "बरोबर हाये. हिले उतरवा. माह्या गाडीवर लावा."

तोवर मागे गप्प उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने पहिल्यांदा तोंड उघडलं. "काहून जी? बाईमाणसाची शीट राखीव असते ना?"

बोनस स्कूटीवर लागला. दिगंबरराव शून्यापासून उभे आहेत.

* * *

आता बाबारावजी. यांच्यासाठीच खरं तर मी हे सगळं सांगायला बसले आहे.

बाबारावजी जवळच्याच गावचे. कापूस, तूर, सोयाबीन, पाण्याची सोय असलेलं वावर, एकत्र कुटुंब. विलास आणि संजय ही दोन मुलं, वैशाली मुलगी, आणि मंगेश हा धाकट्या भावाचा मुलगा. मंगेशचे आईवडील तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून तो याच घरात वाढला. बाबारावजींना तो मोठे बाबा म्हणतो. घरात चार दुचाक्या होत्या: बाबारावजींची जुनी मोटरसायकल, विलासची, संजयची आणि वैशालीची स्कूटी. चालवणारे चार, पण कागदावर मालक एकच, बाबारावजी. त्यांच्याकडे पद्धतच तशी. वावर, घर, गॅसचं सिलिंडर, सगळं मोठ्याच्या नावावर.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला वकिलासारखं घेरलं.

"बोनस कोणाचा? गाडीचा का मालकाचा?"

"मालकाचा, काकाजी."

"मालक कोण?"

"तुम्हीच."

"मंग माह्या जुन्या गाडीवर पन्नास अन् पोट्ट्याइच्या गाड्याइवर कमी कायले? मी का जुन्या गाडीवर चांगला अन् नव्या गाडीवर वाईट हावो काय?"

मी सांगितलं, बोनस तुमचाच, पण पॉलिसी प्रत्येक गाडीची वेगळी. म्हणून प्रत्येक गाडीनं आपापला कमवायचा. त्यांनी मान डोलावली. "पटलं. पोराइसारखंच हाये. बाप एक, निकाल येगळा."

एवढं नेमकं मला आमच्या ट्रेनिंगमध्येही कुणी सांगितलं नव्हतं.

* * *

त्या घरात गाडी घ्यायची ती दसऱ्यालाच. त्यामुळे सगळ्या पॉलिस्या दसऱ्याच्या आगेमागे संपतात आणि बाबारावजी सगळे कागद घेऊन एकदाच येतात. एका वर्षी त्यांनी आम्हा दोघांना दसऱ्याच्या जेवणाचं बोलावणं दिलं.

गेलो तर अंगणात गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून रांगेत उभ्या. सगळ्यात पुढे बाबारावजींची जुनाट, धूर सोडणारी गाडी, आणि विलासची नवी, चकचकीत गाडी तिच्या मागे. ह्यांना राहवलं नाही. "काकाजी, नवी पुढं पाह्यजे ना? किमतीनं तेच मोठी हाये."

"किंमत शोरूमवाला ठरोते," बाबारावजी म्हणाले. "आपल्या घरात बोनसनं रांग लागते."

खरंच बोनसनं लागलेली होती! पोळ्याला मानाची जोडी तोरणाखाली पुढे असते ना, तशी इथे पन्नासवाली गाडी पुढे. पूजाही त्याच क्रमानं, आणि संध्याकाळी सोनं वाटायला निघायचं तेही त्याच क्रमानं. ज्याची गाडी शेवटी, तो शेवटी. सुनाबाळांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळ्यांना ते पाठ. माझ्या कंपनीतल्या कुणाला हे सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही. आम्ही लोकांना सूट म्हणून विकतो ती गोष्ट या माणसानं मान म्हणून घेतली होती.

* * *

वैशालीचं लग्न ठरलं, सासर उमरखेडचं. स्कूटी तिच्यासोबत जायची, म्हणून तिच्या नावावर करायला बाबारावजी आणि मंगेश आले.

"बोनससुद्धा तिच्याच नावावर करा," बाबारावजी म्हणाले.

"तो नाही जात काकाजी. गाडी जाते, बोनस तुमच्याकडं राहतो. तिला शून्यापासून सुरुवात."

"लेकीले बापाचा बोनस काहून नाही?"

"मिळतो, पण..." मी अडखळले. नियम तर सांगायलाच हवा. "मालक वारला आणि गाडी बायकोकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे गेली, तर बोनस त्यांना मिळतो."

आत ह्यांचा पाना थांबला. बाबारावजी खदखदून हसले. "मंग राहू द्या तिले शून्यावर. आताच घाई नाही."

आम्ही सगळे हसलो. त्या हसण्यातच मंगेशनं हळू आवाजात विचारलं, "ताई, अन् पुतण्याले?"

"पुतण्या त्यात नाही रे," मी म्हणाले.

"नाही, सहज विचारलं," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

बाबारावजी ते ऐकत होते. त्यांनी विचारलं, स्कूटीचा जो बोनस मागे राहिला, तो वाया जाणार का? मी सांगितलं, तीन वर्षांच्या आत तुमच्या नावावर दुसरी दुचाकी घेतली, तर तिच्यावर लागेल. म्हणाले, "या दसऱ्याले मंगेशसाठी गाडी घेतो. त्याच्यावर लावा."

स्कूटीचे पस्तीस टक्के होते. मंगेशची गाडी शोरूममधून आली तीच पस्तीस घेऊन, आणि त्या दसऱ्याला विलास-संजयच्या गाड्यांच्या पुढे, बाबारावजींच्या गाडीला लागून उभी राहिली. विलासच्या बायकोनं पूजेचं ताट जरा जोरातच ठेवलं, पण रांगेला कुणी हात लावला नाही. मंगेश त्या दिवशी विनाकारण दहादा गाडी पुसत होता.

* * *

त्यानंतर काही महिन्यांनी मंगेश महागावहून येत होता. वळणावर बकऱ्यांचा कळप आडवा आला. बकऱ्या वाचवल्या, गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. मंगेशचा हात मोडला आणि गाडीचा पुढचा भाग असा झाला की आमचे हे, ज्यांना कुठलीही गाडी मेलेली वाटत नाही, तेसुद्धा डोकं खाजवत बसले.

हात गळ्यात बांधलेला, तसाच मंगेश माझ्या टेबलाशी आला. "ताई, क्लेम नका टाकू. मी कामाले जाईन, दुरुस्तीचं मी पाहून घेईन."

मागून बाबारावजी आले. "क्लेम टाका," ते म्हणाले. "नुकसान झालं त घ्याचं. त्यासाठीच त विमा काढतो आपण."

"मोठे बाबा, पण..."

"तू बस. हात दुखते ना?"

सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, क्लेम मंजूर झाला, गाडी उभी राहिली. मला वाटलं, झालं, प्रकरण मिटलं.

दसऱ्याच्या आधी विलास, मंगेश आणि बाबारावजी कागद घेऊन आले. बाबारावजींनी चारही पॉलिस्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "चारही शून्य करा."

"चारही कशाला?"

"क्लेम घेतला ना आपण."

"तो मंगेशच्या गाडीचा. बाकीच्या तिघींचा काय संबंध?"

तिघंही माझ्याकडे पाहू लागले. बाबारावजी म्हणाले, "कमवाले येगळे, हे तुमीच सांगतलं होतं. पण गमवाले? एका घरातल्या एकाचं नाक कापलं, त दुसऱ्याचं राह्यते काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे अख्खं घर इतके महिने समजून होतं की मालक एक, म्हणून एका गाडीचा क्लेम घेतला की चारही गाड्यांचा बोनस बुडतो. विलासनं मान खाली घालून सांगितलं, की त्याच्या बायकोनं मंगेशला तोंडावर म्हटलं होतं, "तुह्यापायी साऱ्या घराचं गेलं." त्यानंतर घरात मंगेशशी कुणी नीट बोलत नव्हतं.

आणि मी पाहत होते ते बाबारावजींकडे. हा माणूस आपल्या जुन्या गाडीच्या पन्नास टक्क्यांवर दसऱ्याला पुढे उभा राहायचा. ते पन्नास आणि बाकीचंही सगळं गेलं असं समजून त्यानं "क्लेम टाका" म्हटलं होतं, आणि इतके महिने कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

मी सांगितलं, "काकाजी, प्रत्येक गाडीचं कमावणं वेगळं तसं गमावणंही वेगळं. शून्य फक्त मंगेशच्या गाडीचं. तुमच्या बाकी तिघी जशाच्या तशा."

विलासनं सुटकेचा श्वास टाकला आणि तिथूनच घरी फोन लावला. "ऐकलं काय? आपले वाचले म्हणते ताई. साऱ्याइचे वाचले."

फोन संपला. मंगेश आपल्या बऱ्या झालेल्या हाताकडे पाहत म्हणाला, "म्हणजे माहा एकट्याचाच गेला."

मी आनंदाची बातमी दिली होती, आणि ती ऐकून तो पोरगा त्या घरात एकटा पडला होता. बाबारावजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, कागद उचलले आणि निघाले.

त्या दसऱ्याला मंगेशची गाडी रांगेत शेवटी लागली. नियम म्हणजे नियम. त्यानं हार घातला, नमस्कार केला आणि सोनं वाटायला न जाता वावरात निघून गेला.

* * *

उन्हाळ्यात मंगेश एकटाच आला. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं होती, तरी खुर्ची ओढून बसला.

"ताई, गाडी माह्या नावावर कराची हाये. पुण्याले एका कंपनीत काम भेटून राह्यलं. दसरा झाला की जातो."

"घरी सांगितलंस?"

"नाही. मोठे बाबाची सही लागीनच, तवा सांगतो."

"कायमचा जातोयस?"

तो हसला नुसता. मी माझ्या धंद्याचं बोलले, दुसरं काय बोलणार! म्हटलं, नाव बदललं की बोनस इथेच राहतो बाबा, तुझ्यासोबत येणार नाही.

"शून्यच हाये ना," तो म्हणाला. "शून्य कुठंही नेता येते."

मी कुणाला सांगितलं नाही. पण गॅरेजला दार नाही, आणि आर्णीत कान पुष्कळ.

* * *

दसरा जवळ आला होता. एका सकाळी बाबारावजी स्वतः आपली जुनी गाडी चालवत आले. मागचं मडगार्ड वाकलेलं, एक इंडिकेटर लोंबत होता.

"काय झालं काकाजी?"

"म्हशीनं आंग घासलं. अंगणात उभी होती, पडली. साऱ्या गावानं पाह्यलं."

हे हातोडी घेऊन बाहेर आले. "बसा. चहा पिईस्तोवर सरळ करून देतो."

"हात लावू नको," बाबारावजी म्हणाले. "ताई, फोटो काढा. क्लेम टाकाचा हाये."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, "काकाजी, या मडगार्डाचे जे मिळतील त्यात तुमचा चहाही नीट व्हायचा नाही. आणि तुमचे पन्नास जातील. इतक्या वर्षांचे."

"नुकसान झालं का नाही?"

"झालं, पण..."

"मंग घ्याचं." ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "माहा एकट्याचाच जाईन ना? बाकी तिघाइले धक्का नाही ना?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"टाका मंग."

ह्यांनी मला आत बोलावून कुजबुजत विचारलं, "म्हाताऱ्याला झालंय काय?" मला तरी कुठे माहीत होतं! मी फोटो काढले. त्यांनी सही केली. क्लेम मंजूर झाला आणि नूतनीकरणाच्या वेळी त्यांच्या गाडीपुढे मी माझ्या हातानं शून्य घातलं. मंगेशचं वर्ष बिनक्लेमचं गेलं होतं, त्याच्या गाडीपुढे वीस.

दसऱ्याला आम्ही दोघं गेलो. अंगणात रांग लागली होती. पुढे विलासची गाडी, मग संजयची, मग मंगेशची. आणि सगळ्यात शेवटी बाबारावजींची. घरात बायका कुजबुजत होत्या. विलासला ते बघवेना. त्यानं वडिलांची गाडी स्टँडवरून काढली आणि पुढे ढकलू लागला. "बाबा, तुमची गाडी मांगं बरी नाही दिसत."

"ठेव तिथंच," बाबारावजी म्हणाले. "मालकाले काय येगळा नियम हाये?"

गाडी पुन्हा शेवटी लागली. त्याच क्रमानं पूजा झाली. विलासच्या बायकोनं ओवाळलं, आणि मंगेशच्या गाडीशी आल्यावर ती जरा थांबली, हार नीट केला आणि पुढे सरकली. मग सोनं वाटायला सगळे गाड्यांवर बसले. विलास फाटकाबाहेर गेला, संजय गेला. मंगेश फाटकाशी येऊन थांबला आणि त्यानं मागे वळून पाहिलं.

"मोठे बाबा, तुमी व्हा पुढं."

"माहं शून्य हाये. तुहे वीस हायेत. तू चाल."

मंगेश हलला नाही. बाबारावजींनी गाडीवर बसल्या बसल्याच, जसं काही रोजचंच बोलणं आहे, तसं विचारलं, "गाडी नावावर कराची होती ना तुले? दसरा झाला. सही कुठं कराची ते सांग."

मी खाली पाहिलं, हे आभाळाकडे पाहू लागले.

मंगेशनं बाबारावजींच्या वाकलेल्या मडगार्डाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आता नाही जमत, मोठे बाबा," तो म्हणाला. "नाव बदललं त माहे वीस जातात." आणि किक मारून तो फाटकाबाहेर निघाला.